दोन्या कासिमिराचं खातं

"जो माणूस जिवंत नाही त्याच्या नावाचं खातं म्हणजे सताड उघडं दार," असं इंजिनिअर साउसेदो पहिल्याच दिवशी म्हणाला, आणि वर्गातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. फिदीफिदी हसलीसुद्धा. हसू देत. डोंगरमाथ्यावरच्या आमच्या एल आल्तो शहरातल्या इस्पितळांचे सर्व्हर सांभाळणारी माणसं त्या खोलीत बसली होती, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी न्यातीता आहे हे मला पक्कं माहीत आहे. फक्त त्यांच्या न्यातीतेचं सर्व्हरवर खातं नाही. आमच्या इस्पितळात होतं.

न्यातीता म्हणजे घर राखणारी कवटी. खरीखुरी, कुण्या बेवारस माणसाची. तिला आम्ही नाव देतो, लोकरीची टोपी घालतो, पुढे कोकाची पानं आणि सिगारेट ठेवतो, आणि ती चोराचिलटापासून घर सांभाळते. आमची दोन्या कासिमिरा, म्हणजे कासिमिराबाई, तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये, सगळ्यात वरच्या फळीवर, काचेच्या डब्यात बसते. तिला तिथे आणलं ताता फोर्तुनातोने, माझ्या आधीच्या अ‍ॅडमिनने. निवृत्त होताना किल्ल्या माझ्या हातात देऊन म्हातारा म्हणाला होता, "नेल्वा पोरी, कुलूप आपण लावायचं, राखण ती करते. तिच्याशी नीट वाग." सर्व्हरवर तिच्या नावाचं खातं त्यानेच उघडलेलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "राखणदाराला घरात यायला नको?"

मीसुद्धा तेव्हा हसलेच होते. मग एका दुपारी माझ्या फोनवर इस्पितळाच्या आतल्या निरोपांच्या यंत्रणेतून एक निरोप आला. पाठवणारी कासिमिरा. शब्द एकच: ये. खाली धावले तर सर्व्हर रूमचा एसी बंद पडलेला; बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत नुसती भट्टी. पुढे एकदा पुन्हा तेच, ये, आणि छतातला नळ फुटून पाणी रॅकच्या अगदी डोक्यावर ठिबकत होतं. मी ताताला फोन करून म्हटलं, "प्रोग्राम झकास लिहिलाय हो तुम्ही." म्हातारा नुसता खोकला.

"ती बोलावते तोवर वेळ असतो," तो म्हणाला. "आपण पोहोचलो की गप्प होते. उशीर झाला तरी गप्पच होते. म्हणून बोलावलं की जायचं. वाद घालत बसायचं नाही."

बरं, आता या प्रशिक्षणाचं सांगते. शेजारच्या शहरातल्या एका इस्पितळाच्या सर्व्हरवर चोर शिरले आणि रोग्यांचे सगळे कागद कुलूपबंद करून बसले. झालं, वरून हुकूम सुटला की सगळ्या अ‍ॅडमिननी नेटवर्क आणि सुरक्षेचं पुढचं शिक्षण घ्यायचं. जागा म्हणून आमच्याच इस्पितळाचा वरचा मजला दिला. शिकवायला माणूस कुठून आणावा? सांता क्रूसहून! म्हणजे खालच्या गरम मैदानातला कांबा, आम्हा डोंगरातल्यांना, त्यांच्या भाषेत कोल्यांना, शहाणं करायला. पहिला जिना चढला आणि त्याचं तोंड निळं पडलं. ही हवा विरळ आहे, इथे हळू चालायचं असतं, हे सांगायला त्याने कुणाला वेळच दिला नाही. कोकाच्या चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून धापा टाकत तो आम्हाला शिकवायचा.

पण शिकवायचा छान, ते नाही म्हणून चालणार नाही. एकेक गोष्ट अशी उलगडून सांगायचा की आपण इतकी वर्षं काय झोपा काढत होतो असं वाटावं. शर्टाच्या बाह्या दुमडून, फळ्यावर आमच्या नेटवर्कचे नकाशे काढून, "चोर इथून येईल, मग इथे वळेल," असं दाखवायचा. आणि अधूनमधून फोन उघडून बघायचा. फोनमध्ये त्याचे वडील दिसायचे. सांता क्रूसच्या घरात त्याने कॅमेरा बसवला होता. ओसरीवर झोपाळी, म्हणजे दोरांवरची कापडी झोळी टांगलेली, तिच्यात म्हातारा पहुडलेला, आणि बाजूच्या दांडीवर पोपट. म्हातारा एकटा राहायचा, हृदयाचं दुखणं होतं, तरी ऐकायचा नाही कुणाचं.

"याला म्हणतात सुरक्षा," तो फोन आमच्या नाकासमोर नाचवायचा. "इथे चार हजार मीटर उंचीवर बसून मी बापावर नजर ठेवतो. कवटीबिवटी लागत नाही."

"पोपट काय म्हणतोय, इंजिनिअर?" ग्रोव्हरने विचारलं. ग्रोव्हर क्षयाच्या इस्पितळाचा, त्याला गप्प बसणं जमत नाही.

"शिव्या देतोय. आवाज बंद ठेवलाय मी. तुम्हा कोल्यांचे कान कोवळे."

असा माणूस. राग यायचा आणि हसूही यायचं.

माझं मात्र निम्मं चित्त वर्गात आणि निम्मं खाली दुसऱ्या मजल्यावर असायचं. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड आहे, आणि त्यात काचेच्या पेटीत माझ्या बहिणीची, रेइनाची मुलगी होती. आठव्या महिन्याच्याही आधी आलेली. एवढीशी, माझ्या तळहातावर मावेल अशी. रेइनाची आधीची दोन गेली होती. ही तिसरी. डॉक्टर म्हणाले, इथून पुढे रेइनाला मूल होणार नाही, जे आहे ते हेच, ही जगली तर. "जगली तर" हे शब्द बहिणीच्या तोंडावर म्हणाले मेले. पोरीला अजून नावसुद्धा ठेवलं नव्हतं, नाव ठेवलं की जीव जडतो म्हणून. जसा काही नाव नसलं की जडत नाही!

त्या वॉर्डातल्या पेट्या जुन्या, कुठल्याशा देशाने दान केलेल्या. काही बिघडलं तर त्यांनी स्वतः कोकलायला हवं, पण ते त्या केव्हाच विसरल्या. म्हणून ताता फोर्तुनातोने आपल्या काळात तारा ओढून सगळ्या पेट्यांचे आकडे, आतली ऊब आणि बाळाचे ठोके, नर्सच्या टेबलावरच्या स्क्रीनवर आणून ठेवले होते. तीच स्क्रीन मी माझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात उघडी ठेवायची. खिडकीजवळची पेटी आमची. ठोक्यांचा आकडा सारखा नाचायचा, एकशे बेचाळीस, एकशे एकोणपन्नास, एकशे अडतीस, क्षणभर ठरायचा नाही. तो नाचतोय तोवर माझा श्वास चालू.

पहिल्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत साउसेदोने सर्व्हर रूम बघायची म्हटलं. सगळी वरात तळघरात. त्याने केबली बघितल्या, कुलूप बघितलं, मग वर मान करून दोन्या कासिमिराकडे बघितलं. टोपीखालचे ते दोन काळे खळगे, आणि ते दात. तो एक पाऊल मागे सरला. मग त्याला आपण कांबा असल्याचं आठवलं.

"तर ही तुमची फायरवॉल," तो म्हणाला. सगळे हसले. त्याने खिशातून सिगारेट काढली, पेटवली, काचेचं झाकण सरकवलं आणि तिच्या दातांत खोचली. "दोन्या कासिमिरा, एवढी हुशार आहेस तर माझ्या म्हाताऱ्यावरही लक्ष ठेव. सांता क्रूसला. पत्ता हवाय का?"

"इंजिनिअर, सिगारेट दिलीत," ग्रोव्हर म्हणाला. तो हसत नव्हता. "सिगारेट देऊन काही मागायचं नसतं असं. ती ऐकते."

"ऐकू दे की! कान आहेत कुठे?"

सिगारेट विझली नाही. कुणी ओढावी तशी ती टोकापर्यंत जळत गेली, आणि राख सरळ उभी राहिली. तळघरात वारा नसतो, जळायचीच ती. मी झाकण लावलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

मग आला आठ नोव्हेंबर, न्यातीतांचा सण. सकाळी ताता फोर्तुनातो स्वच्छ कोट घालून आला, कासिमिराला न्यायला. त्या दिवशी त्यांना कबरस्तानात मिरवत नेतात, डोक्यावर फुलांचे मुकुट, बँड लावायचा, नाचायचं, त्यांना हवं ते खाऊपिऊ घालायचं. इस्पितळातले अर्धे नर्स-वॉर्डबॉय रजा टाकून गेलेले. म्हाताऱ्याने तिला शालीत गुंडाळून लेकरासारखं छातीशी धरलं आणि केबल कारने खाली ला पासच्या कबरस्तानात घेऊन गेला. फळीवर नुसता रिकामा काचेचा डबा.

आणि नेमका त्याच दिवशी इंजिनिअरने धडा काढला: बेवारस खाती. प्रत्येकाने आपल्या खऱ्या सर्व्हरवर जायचं, ज्या खात्याला जिवंत धनी नाही ते तिथल्या तिथे बंद करायचं, त्याच्यासमोर. माझ्या खुर्चीमागे येऊन उभाच राहिला तो.

"चल नेल्वा. तुझ्या म्हातारीला निरोप दे."

"आधी आत काय आहे ते बघते," मी म्हटलं. "ताताने एक प्रोग्राम लिहिलाय, निरोप पाठवायचा. तो काढून माझ्या खात्यात ठेवते."

"शाब्बास. शिकलीस म्हणायचं."

मी खातं उघडलं. आत काहीच नव्हतं. प्रोग्राम नाही, फाईल नाही, एक ओळसुद्धा नाही. मी सगळा सर्व्हर उलटापालटा केला. 'ये' असा निरोप पाठवणारं काही म्हणता काही सापडलं नाही.

"रिकामं घर," साउसेदो म्हणाला. "रिकाम्या घराला टाळं. लाव."

"पण मग ते निरोप कोण..."

"कुणीतरी दुसऱ्याने, पासवर्ड चोरून. तेच तर शिकवतोय मी तीन दिवस! लाव टाळं."

बरोबरच होतं त्याचं बोलणं. पुस्तकात तेच लिहिलंय, मीही दुसऱ्या कुणाला तेच सांगितलं असतं. मी खातं बंद केलं. पासवर्ड मोडला, परवानग्या काढल्या, सगळं नीट. मग आम्ही साल्तेन्या, आमच्याकडच्या रसाळ खिम्याच्या करंज्या, खायला गेलो. रस सांडू नये म्हणून माना पुढे काढून उभ्यानेच खाल्ल्या, आणि ग्रोव्हरने तरीही टायवर सांडला. हसलो खिदळलो. परत येऊन बसलो तोच टेबलावरचा माझा फोन थरथरला.

कासिमिरा: ये.

मी फोन हातातून टाकलाच. ग्रोव्हरने उचलला, वाचला आणि छातीवर क्रूस काढला. साउसेदो मात्र खूश झाला. खरंच सांगते, त्याचे डोळे चमकले.

"उत्तम! खरा चोर, वर्ग चालू असताना! खातं आपण बंद केलंय, म्हणजे हा दुसऱ्याच वाटेने आलाय. शोधा. कुठून आला निरोप?"

सगळा वर्ग तुटून पडला. ज्याला जे शिकवलं ते तो करत होता. एवढ्यात पुन्हा फोन. ये. आणि पुन्हा. ये. ग्रोव्हरने शोधलं. "दुसरा मजला," तो म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे बघितलं. "बाळांच्या वॉर्डाची वायर."

"म्हणजे चोर तिथे बसलाय," साउसेदो म्हणाला. "निरोप म्हणजे आमिष. तू तिकडे धावावंस आणि सर्व्हर उघडा राहावा म्हणून. जाऊ नकोस. नेल्वा, तो वॉर्ड नेटवर्कवरून तोड. आत्ता."

"तिथे बाळं आहेत."

"बाळांना कुणी हात लावत नाहीये. फक्त वायर तोडायची. नियम काय सांगतो?"

नियम तेच सांगतो. माझी बोटं कळांवर होती, शब्द लिहून झाले होते, फक्त शेवटची कळ दाबायची होती. मी लॅपटॉपच्या कोपऱ्यात बघितलं. स्क्रीनवर सगळ्या पेट्या हिरव्या. खिडकीजवळच्या पेटीत ठोके एकशे चव्वेचाळीस. मस्त. ऊब बरोबर. देवा, बरी आहे पोर, म्हटलं.

फोन थरथरला. ये.

आणि एकशे चव्वेचाळीस. अजूनही एकशे चव्वेचाळीस.

तो आकडा नाचत नव्हता. शेजारच्या पेटीचाही नाही, कुठलाच नाही. ते आकडे नव्हते, आकड्यांचा फोटो होता.

"खुर्ची सोडू नकोस!" साउसेदो ओरडला. "नेल्वा, हीच तुझी परीक्षा आहे!"

"खड्ड्यात गेली परीक्षा!" मी म्हटलं आणि पळाले.

जिना कसा उतरले मला आठवत नाही. वॉर्डात एकच नर्स होती, पलीकडच्या टोकाला एका बाळाला नळीने दूध देत होती. "काय झालं गं?" ती म्हणाली. "सगळं हिरवं आहे की." मी खिडकीजवळची पेटी उघडली आणि पोरीला हात लावला. गार. पेटीची पिन भिंतीतल्या सॉकेटमधून निसटलेली, सफाईवालीची बादली लागली असेल नाहीतर काय, कोण जाणे. ओठ जांभळे. हलत नव्हती. मी किंचाळले.

नर्स आली आणि तिने एका क्षणात पोर उचलली, चोळली, पालथी केली, सुलटी केली. दारातून रेइना धावत आली. "ब्लाउज सोड," नर्स तिच्यावर ओरडली, "छातीला लाव, उघड्या छातीला, हं, शाल घे वरून, अजून एक घे!" रेइना रडत नव्हती, काही नाही, फक्त पोरीच्या डोक्यावर तोंड ठेवून फुंकर घालावी तसा श्वास सोडत होती. मी दोघींना मिठी मारून उभी राहिले. माझ्या खिशात फोन सारखा थरथरत होता, थांबायचं नाव नाही. मी मनात म्हणत होते, बोलाव, बाई, बोलावत राहा, थांबू नकोस.

मग शालीच्या आतून मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला. चिडका, बारका. आणि त्याच घटकेला खिशातला फोन शांत झाला.

दुपारी ताता फोर्तुनातो कबरस्तानातून परतला, कासिमिरा त्याच्या काखेत, तिच्या टोपीवर गुलाबांचा मुकुट आणि कागदाचे रंगीत तुकडे. मी त्याला तळघराच्या दारातच गाठलं. स्क्रीन का थिजली ते मला तोवर सापडलं होतं, आणि मी म्हाताऱ्याचं वय बघितलं नाही.

"वॉर्डाची स्क्रीन हिच्या नावाने चालत होती! हिच्या खात्याचा पासवर्ड लावून आकडे आणत होती! कुणाला सांगितलंत का तुम्ही? मी खातं बंद केलं आणि आकडे जागच्या जागी मेले! अशी जोडणी करतात? डोकं ठिकाणावर होतं का?"

म्हातारा खाली बसला. "बाळांवर कुणी नजर ठेवायची?" तो हळूच म्हणाला. "रात्रपाळीच्या नर्सला डुलकी लागते. हिला लागत नाही. म्हणून म्हटलं, हिच्याच नावाने असू दे. चुकलं माझं."

"आणि तो निरोप पाठवणारा प्रोग्राम? तो कुठे लपवलात?"

"कसला प्रोग्राम? मी वायरी ओढणारा माणूस, मला कुठे लिहिता येतो प्रोग्राम?" त्याने मुकुटावरचं एक पान नीट केलं. "मला वाटलं, तुला कळलंय."

मी तिला फळीवर ठेवलं, सिगारेट लावून दिली. पेटवायला तीन काड्या गेल्या. वॉर्डाची स्क्रीन मी नव्या खात्यावर जोडली, नियमाप्रमाणे, जिवंत माणसाच्या सहीनिशी. कासिमिराचं खातं मात्र बंदच राहिलं. उघडायचं माझं धाडस झालं नाही, आणि खरं सांगायचं तर तिला खात्याची गरज आहे असंही आता मला वाटत नव्हतं.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटायची होती. पोर दूध पीत होती, रेइनाने तिला नाव ठेवलं होतं, आणि मी चांगल्या मनाने वर्गात गेले. साउसेदो तसा माणूस वाईट नव्हता. त्या दिवसापासून माझ्याशी जरा जपून बोलायचा. पण मान्य करायला तयार नव्हता.

"तुझी भाची वाचली, मला आनंद आहे," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "पण निरोप कुणीतरी पाठवला. कुणीतरी म्हणजे माणूस. मी त्या सर्व्हरच्या सगळ्या नोंदी सोबत नेऊन तपासणार आहे, आणि..."

टेबलावर ठेवलेला त्याचा फोन थरथरला. त्याने बघितलं आणि हसायला लागला.

"वा! मस्त. कुणी केलं हे? ग्रोव्हर, तू?"

त्याने फोन आमच्याकडे वळवला. कासिमिरा: ये.

कुणी हसलं नाही. त्याचा फोन आमच्या इस्पितळाच्या यंत्रणेत नव्हताच, कधी जोडलाच नव्हता. ग्रोव्हरने दोन्ही हात वर केले. मी माझा फोन टेबलावर उलटा ठेवला होता, तो सगळ्यांना दिसत होता.

पुन्हा थरथर. ये.

"इंजिनिअर," मी म्हटलं, "तुम्ही तिला सिगारेट दिली होतीत."

"तर?"

"तुमचे वडील."

त्याचं हसू जरा आक्रसलं. त्याने कॅमेरा उघडला, बघितलं, आणि सुटकेचा श्वास टाकला. "हे बघ! हे बघा सगळ्यांनी. झोपाळीत आहे माझा म्हातारा, हसतोय चक्क. सुरक्षा म्हणजे..."

मी बघितलं. म्हातारा झोपाळीत होता. टोपी पोटावर, तोंडावर हसू, उन्हाचा कवडसा पायांवर. पोपट दांडीवर, एक पंख वर उचललेला. मी बघत राहिले. पंख वरच होता. झोपाळी जरा एका बाजूला गेलेली होती आणि तिथेच थांबली होती. झोपाळी अशी कडेला थांबत नाही.

"इंजिनिअर," मी म्हटलं. "पोपटाकडे बघा."

त्याने बघितलं. त्याला माझ्यापेक्षा लवकर कळलं असणार, कारण त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पहिल्या दिवशीसारखा निळा झाला. फोन त्याच्या हातात थरथरत होता, ये, ये, ये, आणि पडद्यावर त्याचा बाप हसत होता. ते हसू किती वेळापूर्वीचं, सकाळचं की कालचं, कुणास ठाऊक.

त्याने वडिलांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. मग शेजारच्या दोन्या पुराला लावला. ती म्हणाली, हो, जाते, बघते, किल्ली आहे माझ्याकडे, आणि फोन ठेवला.

मग तो फोन गप्प झाला.

इंजिनिअरने तो टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. अनोळखी निरोपाला दार उघडायचं नाही हे शिकून प्रमाणपत्र घ्यायला आलेली आम्ही माणसं, आणि एकजात सगळे मनात म्हणत होतो, ये म्हण, बाई, अजून एकदा म्हण. ग्रोव्हर तर ओठ हलवून म्हणत होता. साउसेदोने माझी बाही धरली होती, लहान मुलं धरतात तशी. "गप्प झाली म्हणजे काय?" तो विचारत होता. "नेल्वा, गप्प झाली म्हणजे काय?" ताताने सांगितलेलं मला माहीत होतं. बोलावते तोवर वेळ असतो. पोहोचलं की गप्प होते. उशीर झाला तरी गप्प होते. मी काय सांगणार होते त्याला?

फोन वाजला. दोन्या पुरा.

साउसेदोने हात पुढे केला आणि मागे घेतला. "तू उचल," तो म्हणाला. "माझ्याने होत नाही."

मी उचलला. पलीकडे पोपट केकाटत होता, भांडं पडल्यासारखा आवाज झाला, आणि दोन्या पुरा रडत होती की धापा टाकत होती, काही कळेना. "हॅलो," मी म्हटलं, "दोन्या पुरा, सांगा, काय झालं?" ती बोलायची आणि तिचा श्वास तुटायचा. साउसेदो माझ्या तोंडाकडे बघत होता. आयुष्यात कुणी माझ्याकडे असं बघितलेलं नाही, आणि बघू नये.

तेवढ्यात टेबलावर उलटा ठेवलेला माझा फोन थरथरला.

तो सुलटा करायची गरजच नव्हती, तरी मी केला, त्याला दिसावा म्हणून. कासिमिरा: ये.

"निघा, इंजिनिअर," मी म्हटलं. "ती अजून बोलावतेय."